मार्थाबायची बर्फाची वाईन

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती. तिने मोबाईलवर बघून वाईनची एक बाटली, स्ट्रॉबेरी आणि बर्फ मिक्सरमध्ये फिरवला, वर पुदिन्याचं पान लावलं आणि उंच ग्लास माझ्या हातात दिला. "मावशी, टेस्ट कर. फ्रोझन कॉकटेल." मी एक घोट घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मार्थाबायसारखी नाही." भाचीने साहजिकच विचारलं, मार्थाबाय कोण? मार्थाबायची वाईन चांगली होती, हे वाक्य ती असेपर्यंत मी एकदाही उच्चारलं नव्हतं. आता ती जाऊन इतकी वर्षं झाल्यावर एका मिक्सरसमोर उच्चारलं.

मला तिचा हेवा वाटायचा. लोक हेव्याला स्पर्धा, चुरस अशी सोवळी नेसवतात, पण माझा हेवा साधा होता. ती समोरून आली की माझ्या पोटात दुखायचं. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणत असे आणि मनात तू. मनातल्या गोष्टींना आदर लावायची मला कधी गरज वाटली नाही.

निर्मळजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी शिक्षिका होतो. मी मराठी शिकवायची, ती गणित. मी कुडाळची, नवऱ्याच्या नोकरीमुळे वसईत आलेली, नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारी. ती पिढ्यानपिढ्या इथलीच, केळीच्या वाडीत मधोमध तिचं कौलारू घर. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, बुटकी, रुंद, आणि चष्म्याची एक काडी कायम दोऱ्याने बांधलेली. रोज सकाळी प्रार्थना संपता संपता तिची सायकल फाटकातून आत यायची. हँडलला केळीच्या पानात बांधलेला मोगऱ्याचा पुडा. मुख्याध्यापिकाबाई कपाळाला आठ्या घालून उभ्या असायच्या. मार्थाबाय तो पुडा त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "आज कळ्या जरा उशिरा उमलल्या, बाई." आठ्या जायच्या. मी सगळ्या नोकरीत एकदाच चार मिनिटं उशिरा आले, तर माझ्या नावापुढे लाल शाईची रेघ आली होती.

तिला एक खोड होती. ती प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्यायची. फादरच्या प्रवचनाला सात. ड्रायव्हरने एसटी कशी थांबवली त्याला चार. शेजारणीच्या भांडणाला साडेआठ, "कारण मुद्दा सोडला नाही तिने." शाळेतल्या पोरांना यात भारी मजा वाटायची. गणितात नापास होणारा मुलगाही तिच्याकडे वही घेऊन जायचा आणि "टीचर, माझ्या शिंकेला किती?" असं विचारून यायचा. माझ्या तासाला तीच पोरं खिडकीबाहेर बघत बसत.

तर ही वाईन. तिच्या वाडीत जांभळाची दोन झाडं होती. जूनमध्ये ती जांभळं हाताने कुस्करून चिनी मातीच्या बरणीत घालायची, साखर, मूठभर गहू, लवंग, दालचिनी, चिमूटभर यीस्ट. एकवीस दिवस रोज लाकडी डावाने ढवळायची, एकाच दिशेने. मग गाळून ठेवून द्यायची ती थेट नाताळपर्यंत. तिच्याकडे कोणी घाई केली की ती म्हणायची, "घाई असेल त्याने चहा प्यावा." नाताळ झाला तरी एक बरणी ती कोणाला दाखवत नसे. ती उन्हाळ्याची.

एप्रिलच्या अखेरीस निकालाचं काम संपलं की सगळा स्टाफ तिच्या वाडीत जमायचा. मी शाळेत लागले त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, मलाही बोलावणं आलं. मी माझं कोकम सरबत घेऊन गेले. आमच्या कुडाळच्या घरचं कोकम सरबत म्हणजे नाव होतं. मोठी स्टीलची कॅन भरून नेली आणि मनात म्हटलं, बघू आता. सगळ्यांनी एकेक ग्लास घेतला, "वा बाई" म्हणाले. मी जरा सैल होऊन बसले.

तेवढ्यात मार्थाबायचा दीर स्कूटरवर मागे गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आला. कोळीवाड्याकडच्या बर्फाच्या कारखान्यातली, माशांसाठी करतात ती. मार्थाबायने पडवीत आइस्क्रीमचा जुना पॉट काढला. लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, वर फिरवायचं हँडल. डब्यात वाईन, कलिंगडाचा रस, लिंबू, साखरेचा पाक, थोडं आल्याचं पाणी. बादलीत डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि मिठागरातलं जाडं मीठ, एक थर याचा, एक त्याचा. "आता ज्याला खायचंय त्याने शंभर फेरे," ती म्हणाली आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसून मोजायला लागली. संस्कृतच्या जोशीबाईंनी आधी विचारून घेतलं, "यात कितपत असते हो?" मार्थाबाय म्हणाली, "तुमच्या खोकल्याच्या औषधात असते तेवढी." जोशीबाईंनी पदर खोचला आणि शंभराऐवजी सव्वाशे फेरे मारले.

तासाभराने तिने झाकण उघडलं. आत गडद लाल, भुसभुशीत, ओल्या रेतीसारखं काहीतरी होतं. लहान लहान वाट्यांतून दिलं. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि मला कळलं की माझ्या कोकमाचं आज काही खरं नाही. आधी नुसतं गार लागलं, मग आंबटगोड, आणि सगळ्यात शेवटी घशाशी एक ऊब. बाया दुसरी वाटी मागायला लागल्या. माझी कॅन कोपऱ्यात तशीच पडून होती.

त्या कॅनजवळ एकटी मार्थाबाय गेली. तिने माझं सरबत ग्लासात ओतून घेतलं, उभ्या उभ्या प्यायली, दुसरा ग्लास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दहापैकी दहा. माझ्या वाईनला साडेसहा." माझा तिळपापड झाला. हरलेल्याने जिंकणाऱ्याचं कौतुक करावं ही रीत आहे, हिने उलटंच चालवलं होतं. वर विचारलं, "कसं करतेस गं सुमनबाय?" मी म्हणाले, "काही नाही हो, अंदाजाने घालते." खरं तर माझ्या आईचं प्रमाण मला चमच्या-चमच्याने पाठ होतं. मार्थाबायने मान हलवली. एकदा विचारलेलं ती पुन्हा विचारत नसे.

मी मात्र तिला विचारलं, आणि तिने तिथल्या तिथे एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर सगळी कृती लिहून दिली. प्रमाणासकट, बाणासकट. याने तर मला आणखीच राग आला. तिने लपवलं असतं तर निदान तिला नावं ठेवायला मिळाली असती. ती ज्याला त्याला सांगायची, आणि तरी कोणाचंही तिच्यासारखं व्हायचं नाही.

आमच्याकडे तेव्हा नवा दोन दारांचा फ्रिज आला होता. सासूबाई तेव्हा कुडाळला गेल्या होत्या. म्हटलं, हाताने फिरवायची गरजच काय. तिच्याकडून आणलेल्या वाईनमध्ये तिच्याच कृतीने सगळं कालवलं आणि स्टीलच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी वर पांढरट दगड आणि खाली लाल काकवी. दुसऱ्यांदा मधून मधून काट्याने खरवडायचं ठरवलं, तर भरदुपारी लाइट गेली ती चार तास. तिसऱ्यांदा काटा वाकला. उत्तरपत्रिका मी पोळपाटाखाली दडवून ठेवली.

मार्थाबायला या सगळ्याचा सुगावा लागला असावा. पुढल्या मे महिन्यात एका शनिवारी तिने तिच्या पॉटमधली वाईन थर्मासमध्ये भरून मला दिली, "घरी ने, नवऱ्याला दे." आता आमच्या घरात सासूबाई. कुडाळहून आलेल्या, सोवळ्यात पूजा करणाऱ्या. वाईन हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मी ती वाईन कोकमाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरली, घट्ट झाकण लावलं, फ्रीझरमध्ये मागे सारली आणि नवरा घरी येईपर्यंत बाजारात गेले. रंग तोच, बरणी तीच. कोणाच्या लक्षात येणार, असं मला वाटलं.

परत आले तर सासूबाई गॅलरीत पाय पसरून बसलेल्या. हातात रिकामी वाटी, तोंडाने जात्यावरची ओवी. माझ्या लग्नानंतर मी त्यांना ओवी म्हणताना ऐकलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज सरबत बरां झालां गो."

हे वाक्य काय होतं ते सांगायला हवं. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला. माझी सोलकढी पातळ, माझं सांबारं फिकं, माझ्या घावनांना जाळी नाही. माझं कोकम सरबत सगळं गाव प्यायचं, पण त्या एक घोट घेऊन ग्लास बाजूला सरकवायच्या. 'बरां' हा शब्द त्यांनी माझ्या बाबतीत वापरलेला मला आठवत नाही. आणि त्या दिवशी संकष्टी होती. उपासाच्या दिवशी त्यांनी दोन वाट्या वाईन खाल्ली होती, आणि माझ्या हाताला पहिल्यांदा चव आली होती.

मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "हो, यंदा आमसुलं चांगली मिळाली."

झालं. पुढच्या शनिवारी सासूबाईंनी स्वतःहून विचारलं, "तां सरबत करशीत?" मी सायकल काढून मार्थाबायच्या वाडीत गेले आणि म्हणाले, नवऱ्याला फार आवडली. ती म्हणाली, "शंभर फेरे." मी फिरवत होते आणि ती आकडे मोजत होती. मोजता मोजता लाकडी उलथण्याने मधेच झाकण उघडून कडेचं खरवडून मधे ढकलायची, पुन्हा झाकण, पुन्हा पुढचा आकडा. मी तिच्या हाताकडे चोरासारखी बघत राहिले. तिने एकदाही विचारलं नाही की तुझ्या नवऱ्याला एकट्याला दर आठवड्याला इतकी वाईन कशी काय लागते.

असे चार शनिवार गेले. सासूबाईंचं सांधेदुखीचं रडगाणं कमी झालं. बिल्डिंगमधल्या बायकांना त्या सांगायला लागल्या की आमच्या सुनेच्या हाताक आता चव इली. मी जिन्यात उभी राहून ते ऐकत असे. गोड लागायचं, आणि दुसऱ्या क्षणाला आत काहीतरी चावायचं, कारण ते कौतुक मार्थाबायचं होतं. माझ्याच घरात, माझ्याच सासूच्या तोंडून, मला तिच्यावर जळावं लागत होतं. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात तसं माझं चाललं होतं.

पाचव्या शनिवारी संध्याकाळी मार्थाबाय आमच्याकडे आली. वाडीतल्या वेलची केळ्यांची फणी घेऊन, सहज. सासूबाईंनी तिला बसवलं, चौकशी केली आणि मग मला म्हणाल्या, "त्यांका तुझां सरबत दी." मी म्हटलं, संपलं. सासूबाई उठल्या, फ्रीझर उघडला, मागची बरणी काढली आणि तिला वाटी भरून दिली. "खाऊन बघा. आमच्या सुनेचां कोकम."

मार्थाबायने चमचा तोंडात घातला. मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बरणीवरच्या कोकमाच्या चित्राकडे पाहिलं. दुसरा चमचा घेतला. एका वाक्यात ती माझी अब्रू आणि सासूबाईंची संकष्टी दोन्ही घालवू शकत होती. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला नीट माहीत होतं.

"आजी," ती म्हणाली, "तुमच्या सुनेच्या कोकमाची चव माझ्या हाताला नाही. मी पुष्कळ करून बघितलं. नाही जमत." मग वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाली, "पण थंड आहे हो. तुमच्या वयाला दोन चमचे पुरे."

तिला सोडायला मी खालपर्यंत गेले. आभार मानावेत असं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, माझ्या मनात एवढंच आलं की खोटं बोलायलाही हिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिने सायकलचं स्टँड काढलं आणि म्हणाली, "पुढल्या वेळी घेऊन जाशील तेव्हा पाक कमी घालते. आजींना साखरेचं बघायला हवं." आणि गेली. सासूबाई पुढे सहा वर्षं होत्या. दर मे महिन्यात त्यांनी दोन दोन चमचे 'कोकम' खाल्लं आणि माझ्या हाताला चव आली असंच मानत गेल्या. मी ते त्यांना मानू दिलं.

मार्थाबाय निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिचा उजवा हात गेला. पक्षाघाताचा झटका बारीक होता. बोलणं नीट होतं, चालणं नीट होतं, हात तेवढा मांडीवर पडून राहायचा. त्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले. स्टाफमधलं कोणी आता येत नसे, पण तिच्या दिराने लादी आणून ठेवली होती आणि पॉट पडवीत काढलेला होता. "ये," ती म्हणाली, "हँडल तुझं, आकडे माझे." बर्फाला मीठ कमी पडलं म्हणून तिने मला आत पाठवलं.

मिठाची बरणी फडताळात होती. तिच्या मागे कोकम सरबताच्या लहान लहान बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर तिचं गणिताच्या बाईंचं सरळ अक्षर. 'जिरं जळलं. ४/१०.' 'सैंधव जास्त. ५/१०.' 'बरं, पण सुमनचं नाही. ६/१०.' शेवटच्या दोन बाटल्यांवरचं अक्षर वाकडंतिकडं होतं, डाव्या हाताने काढलेलं. त्यातल्या एकीवर साडेसहा.

म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या घरी ती खोटं बोललीच नव्हती.

बाहेरून तिचा आवाज आला, "मीठ सापडलं का?" मला तिची कीव आली नाही. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं तीही माझ्या मागे लागलेली होती. मी मीठ घेऊन बाहेर आले आणि फेरे मारता मारता तिला माझ्या आईची कृती सांगितली. आमसुलं किती, किती तास भिजवायची, पाकाची तार, जिरं कोणत्या रंगावर उतरवायचं, सैंधव कधी घालायचं. ती डाव्या हाताने लिहून घेत होती, आणि त्या नादात तिचा आकडा दोनदा चुकला. पोरांची चूक न सोडणारी ही बाई, पण त्या दिवशी तिने आकडा चुकू दिला.

सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून. आमच्याकडे पाक गरम असतानाच एक तिरफळ, ते कोकणातलं जीभ चुरचुरवणारं सुकं फळ, ठेचून त्यात टाकतात आणि सकाळी काढून टाकतात. ते कोणाला दिसत नाही. तिरफळं इकडे वसईत मिळतही नाहीत, मला माहेरून येतात. जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही असं म्हणता आलं असतं, पण मला कळलं होतं.

दोन आठवड्यांनी तिने निरोप पाठवला. मी गेले तर ती पडवीत खुर्चीवर बसलेली, समोर स्टुलावर तिने केलेलं कोकम सरबत आणि दोन ग्लास. मी घोट घेतला. रंग माझ्या आईचा होता, आंबटपणा माझ्या आईचा होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने चिकटपट्टीचा तुकडा पुढे ओढला आणि डाव्या हाताने सावकाश लिहिलं, ९/१०.

"एक कुठे गेला गं?" तिने विचारलं.

"उन्हाळा आहे," मी म्हणाले. "सरबत उतरतं."

तिने ते मान्य केलं. मी निघाले. तिच्या वाडीचं फाटक बांबूचं होतं, त्याला तारेची कडी होती आणि ती लावायला नेहमी वेळ लागायचा. कडी लावताना मी मागे पाहिलं. मार्थाबायने डोळे मिटले होते. तिने सरबताचा एक छोटा घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, इकडून तिकडे फिरवला, मान जराशी वाकडी केली आणि पुन्हा एक घोट घेतला. ती तो एक मार्क शोधत होती. जूनमध्ये जांभळं पडायला लागली तेव्हा ती गेली, म्हणून ते मी तिला पाहिलेलं शेवटचं. कडी लावून झाली होती, तरी मी थोडा वेळ फाटक धरून उभी राहिले. पर्समध्ये माहेरून आलेली तिरफळांची पुडी होती. ती तशीच घेऊन मी घरी आले.